सॅक्रामेंटो अर्ध्या तासात उरकायचं गाव नाही हो!

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

तीन आठवड्यांपूर्वी तुमच्या रविवार पुरवणीत कॅलिफोर्नियाच्या ट्रिपवर पानभर लेख आला होता. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, योसेमिटी सगळं आलं त्यात आणि सॅक्रामेंटोच्या वाट्याला साडेतीन ओळी. राजधानी असली तरी बघायला काही नाही, जुन्या भागात टोप्या आणि टॉफ्या विकणारी दुकानं आहेत, अर्ध्या तासात उरकून लेक टाहोचा रस्ता धरावा, असा एकूण सूर. बरं त्या साडेतीन ओळीतपण दोन चुका. सोनं सॅक्रामेंटोच्या सटर्स फोर्टमध्ये, म्हणजे जॉन सटरच्या किल्ल्यात, सापडलं म्हणे, आणि पोनी एक्सप्रेसची घोडेस्वारांची टपाल सेवा कित्येक वर्षं चालली म्हणे. अहो सोनं सापडलं कोलोमाला, तिथनं डोंगराकडं चाळीस-पन्नास मैल, अमेरिकन नदीच्या दक्षिण फाट्यावर, २४ जानेवारी १८४८ ला, जेम्स मार्शल नावाचा सुतार सटरसाठी लाकूड कापायची गिरणी बांधत होता तेव्हा. आणि पोनी एक्सप्रेस एप्रिल १८६० मध्ये सुरू झाली ती ऑक्टोबर १८६१ मध्ये तारेची लाइन जोडली गेल्यावर बंद. दीड वर्षं फक्त. आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं काम याहून जास्त चाललंय.

आता मी कोण ते सांगतो. मी सांगलीचा, पाटबंधारे खात्यातनं रिटायर. लेक-जावई सॅक्रामेंटोच्या जवळ फॉल्समला राहतात, तिकडं पाच महिने होतो. दोघं ऑफिसला गेले की मी आणि दहा वर्षांचा नातू, शाळेला सुट्टी, दोघंही मोकळेच, त्यामुळं लाइट रेलमध्ये बसून डाउनटाउनला जायचं आणि पाट्या वाचत फिरायचं हा उद्योग. खात्यात असल्यापासनं मला एक खोड आहे, कोनशिला दिसली की खालची ओळ आधी वाचायची. वर मंत्र्यांची नावं असतात, ती सगळीकडं सारखीच, पण खाली कोण ठेकेदार, कोणतं साल ते कळतं. तिकडं ही खोड फार उपयोगी पडली. कॅलिफोर्निया राज्यानं ऐतिहासिक जागांना नंबर दिलेत, हजाराच्या वर गेलाय आकडा, आणि पाटीच्या खालच्या भागात बारीक अक्षरात नंबर, पाटी कुणी बसवली आणि कोणत्या तारखेला हे लिहिलेलं असतं. वरचा मजकूर जेवढा सांगतो त्याहून ती खालची ओळ जास्त सांगते असं माझं मत झालंय.

उदाहरण द्यायचं तर सटर्स फोर्टच घ्या. लँडमार्क नंबर ५२५. फोर्ट म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढं रायगड येतो, पण हे आपल्याकडच्या देशमुखांच्या गढीसारखं आहे, चारी बाजूनं भिंत आणि मध्ये दुमजली घर. जॉन सटर हा माणूस मूळचा स्वित्झर्लंडचा, तिथं कर्ज डोक्यावर झालं म्हणून बायकापोरं मागं टाकून पळालेला, १८३९ मध्ये नदीनं वर येत इथं उतरला. तेव्हा हा मुलूख मेक्सिकोचा. त्याच्याबरोबर हवाई बेटांवरची दहाएक माणसं होती आणि सॅक्रामेंटोत बाहेरून आलेल्यांनी बांधलेली पहिली घरं त्या हवाईच्या लोकांनी बांधलेली गवताची खोपटं होती. पण आज फोटोत कोण दिसतं? पांढरी भिंत आणि तोफ. आणि ती भिंत तरी कुठली जुनी! सोन्याच्या धांदलीत सटरची माणसं पळाली, किल्ला विकला गेला, लोकांनी विटा नेल्या, शेवटी मधलं एक घर उरलं. १८९० नंतर एका संस्थेनं जागा विकत घेतली आणि उरलेलं सगळं नव्यानं उभं केलं. म्हणजे ज्या भिंतीला टेकून आपण सेल्फी काढतो ती सटरनं बघितलेलीच नाही. मधलं घर मात्र खरं, उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचं, आत शिरलं की आजोळच्या माजघरासारखा गारवा.

त्या किल्ल्याच्या संग्रहात बोटभर उंचीची एक लाकडी बाहुली आहे. १८४६ च्या हिवाळ्यात डॉनर पार्टी नावानं ओळखला जाणारा बैलगाड्यांचा तांडा सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकला, ऐंशीच्या वर माणसं, जवळजवळ निम्मी गेली, जगली त्यातल्या काहींनी मेलेल्यांचं मांस खाल्लं. त्यांना सोडवायला मदत गेली ती याच किल्ल्यावरनं. सगळं सामान टाकून द्यायला सांगितलं असताना पॅटी रीड या आठ वर्षांच्या पोरीनं ती बाहुली अंगात लपवून आणली. नातवाला ही गोष्ट सांगताना मांसाचा भाग मी गाळला, तर घरी येऊन त्यानं तोच भाग स्वतः शोधून मला वाचून दाखवला. असो.

आता जे पाट्यांवर फार वर्षं नव्हतं ते. सटरची शेती, गुरं, गव्हाची कापणी, सगळं चालायचं ते निसेनान आणि मिवोक या तिथल्या मूळ जमातींच्या अंगमेहनतीवर, आणि ती मेहनत खुशीची नव्हती. कुलपात कोंडणं, फटके, आणि जेवण म्हणजे लांबट लाकडी गव्हाणीत ओतलेली कण्यांची लापशी, गुरांना घालतात तशी, माणसं गुडघ्यावर बसून हातानं खायची, हे सटरच्या काळात तिथं आलेल्या गोऱ्या पाहुण्यांनीच लिहून ठेवलंय. आपल्याला वेठबिगार हा शब्द माहीत आहे म्हणून वेगळं समजवायला नको. किल्ल्यासमोरच्या हॉस्पिटलबाहेर सटरचा पुतळा होता, तो जून २०२० मध्ये हलवला. कॅपिटल पार्कात, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीभोवतीच्या बागेत, फादर सेरा या स्पॅनिश मिशनऱ्याचा पुतळा होता, तो त्याच वर्षी ४ जुलैला लोकांनी दोर लावून पाडला. तो रिकामा चौथरा काही वर्षं तसाच राहिला आणि २०२३ च्या नोव्हेंबरात तिथं इथल्या मूळ लोकांचं स्मारक बसवलं, विल्यम फ्रँकलिन या मिवोक वडीलधाऱ्यांचा पुतळा आहे, पारंपरिक नाचाच्या पोशाखात. त्यासाठी विधिमंडळात रीतसर कायदा केला हे मला विशेष वाटलं. पुतळा पाडणं बरोबर की चूक यावर जावई आणि माझं जेवायच्या टेबलावर बरंच वाजलं, माझं म्हणणं कायदा आधी करायला हवा होता, तो म्हणतो पाडला नसता तर कायदा कुणी केला असता. ते अजून मिटलेलं नाही.

पण मला खरं गुंतवलं ते पाण्यानं. सांगलीच्या माणसाला पुराबद्दल सांगायला लागत नाही. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो. सॅक्रामेंटोपण दोन नद्यांच्या संगमावर वसलंय, सॅक्रामेंटो आणि अमेरिकन. सटरला हे कळत होतं, त्यानं गावासाठी दक्षिणेला तीनेक मैलावर उंच जागा निवडली होती, सटरविल. त्याची पण पाटी आहे, नंबर ५९३. पण थोरला मुलगा, जॉन सटर ज्युनियर, बाप डोंगराकडं गेलेला असताना कारभार हातात घेऊन बसला आणि बोटी जिथं लागतात तिथंच काठावर १८४८ च्या शेवटी गाव आखायला घेतलं, आडवे रस्ते ए बी सी आणि उभे रस्ते एक दोन तीन. धंद्याच्या दृष्टीनं पोराचं बरोबर, पुराच्या दृष्टीनं बापाचं. जानेवारी १८५० मध्ये गाव पाण्यात. ईगल थिएटर म्हणून कॅलिफोर्नियात नाटकासाठी म्हणून बांधलेली पहिली इमारत इथली, लाकडी सांगाडा आणि वर तंबूचं कापड, ऑक्टोबर १८४९ ला पडदा वर गेला नि तीन महिन्यात पुरानं खेळ खल्लास. आता तिथं दिसतं ते नव्यानं बांधलेलं. (आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला नाटक केलं होतं हे मी तिथल्या गाइड बाईंना सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं, खरंच लिहून घेतलं की माझं मन राखलं देव जाणे.) त्याच १८५० मध्ये ऑक्टोबरात कॉलरा आला, गावातली बहुतेक माणसं पळून गेली, शेकडो मेली, जुन्या स्मशानभूमीत त्यांची सामूहिक जागा आहे. गावाचा पहिला मेयर हार्डिन बिगेलो, बांध घाला बांध घाला म्हणून ओरडणारा तोच, जमिनीच्या मालकीवरनं झालेल्या दंग्यात ऑगस्टमध्ये गोळ्या लागून जखमी झाला, त्यातनं पूर्ण बरा व्हायच्या आत नोव्हेंबरात कॉलऱ्यानं गेला. मग १८५२ मध्ये आगीनं गावाचा बहुतेक भाग खाल्ला. आणि असं सगळं झाल्यावरही १८५४ मध्ये यांनी ठरवलं की राजधानी इथंच. त्याच्या आधी माँटेरे, सॅन होजे, वायेहो, बेनिशिया अशी फिरतीवरच होती ती, तमाशाच्या फडासारखी.

मग १८६१-६२ चा महापूर. १० जानेवारी १८६२ ला लेलँड स्टॅनफर्डचा गव्हर्नर म्हणून शपथविधी, तो होडीत बसून शपथ घ्यायला गेला आणि परत आल्यावर घराच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतनं आत शिरला. विधिमंडळानं गाशा गुंडाळला नि उरलेलं अधिवेशन सॅन फ्रान्सिस्कोत घेतलं. आता इथं आपल्याकडचं कुठलंही सरकार काय करतं ते तुम्हाला माहीत आहे, पंचनामे. यांनी काय केलं, तर गाव वर उचललं. अक्षरशः. रस्त्याच्या दोन्ही कडांना विटांच्या भिंती बांधल्या, मध्ये भराव टाकला, असे रस्ते काही ठिकाणी दहा फूट आणि त्याहूनही जास्त वर घेतले, कामाला दहाएक वर्षं लागली. ज्यांच्याकडं पैसा त्यांनी विटांच्या अख्ख्या इमारती स्क्रू जॅक लावून इंच इंच वर चढवल्या, शंभर माणसं एका खुणेवर एकदम पाना फिरवताहेत असं डोळ्यापुढं आणा. ज्यांना परवडलं नाही त्यांनी तळमजल्याचं तळघर केलं आणि पहिल्या मजल्याला रस्त्याकडं दार पाडलं. मधली काही वर्षं म्हणजे एका दुकानासमोर फूटपाथ वर, शेजारच्या दुकानासमोर खाली, बाजारात जाताना शिडीनं चढा नि शिडीनं उतरा. अमेरिकन नदीचं तोंडसुद्धा खणून उत्तरेकडं सरकवलं. आज हिस्ट्री म्युझियमवाले तिकीट लावून त्या जुन्या फूटपाथावर, म्हणजे आताच्या फूटपाथाच्या खाली, नेऊन आणतात. मी पस्तीस वर्षं भराव आणि माती यातच काढली, त्या भिंतीच्या विटा बघून मला जे वाटलं ते लेक टाहो बघून नाही वाटलं, टाहो सुंदर आहे हो, नाही म्हणत नाही. आणि हे तुमच्या लेखकानं बघितलेल्या त्याच टोप्यांच्या दुकानांच्या खाली आहे! तो त्याच्यावर उभा राहून टॉफी खात होता.

रेल्वेबद्दल थोडक्यात, म्युझियम मोठं आहे आणि लेखात त्याचं नाव तरी होतं. फॉल्समहून मी ज्या लाइट रेलनं जायचो ती साधारण १८५६ च्या पहिल्या रेल्वेच्या मार्गावरनं जाते, सॅक्रामेंटो ते फॉल्सम बावीसेक मैल, थिओडोर जुडा नावाच्या इंजिनियरचं काम. आपली बोरीबंदर-ठाणे १८५३ ची, २१ मैलांची, म्हणजे तीन वर्षं आधीची, हे मी डब्यात नातवाला दोनदा सांगितलं. याच जुडानं सिएरा नेवाडा ओलांडणाऱ्या रेल्वेचा मार्ग काढला, चार व्यापाऱ्यांना त्यात पैसे घालायला लावले, त्यात हा होडीवाला स्टॅनफर्डपण होता, आणि ८ जानेवारी १८६३ ला फ्रंट स्ट्रीटवर चिखलात काम सुरू झालं. पुढं त्या चौघांशी त्याचं फाटलं, नवे भांडवलदार शोधायला पनामामार्गे न्यूयॉर्कला निघाला, वाटेत पीतज्वर झाला, त्याच वर्षी नोव्हेंबरात गेला. त्याचं दगडांचं स्मारक जुन्या भागात आहे, १९३० चं. खालची ओळ बघा, रेल्वे कंपनीच्या लोकांनी बसवलेलं. म्हणून त्या डोंगरात सुरुंग लावणारे, बोगदे खणणारे हजारो चिनी मजूर, कामगारात बहुसंख्य तेच होते, ते त्या दगडावर नाहीत. चिनी लोक सॅक्रामेंटोला यी फाऊ म्हणायचे, दुसरं शहर, पहिलं अर्थात सॅन फ्रान्सिस्को. आय स्ट्रीटवरची त्यांची जुनी वस्ती आता जवळजवळ नाहीच, पुनर्विकास आणि हायवे यांनी मिळून पुसली.

एक गमतीची पाटी शहराच्या बाजूला गोल्फ कोर्सजवळ आहे. सरकार रेल्वेला मैलामागं कर्जरोखे द्यायचं, सपाट जमिनीवर १६,००० डॉलर आणि डोंगरात ४८,०००. मग सिएरा नेवाडाचा पायथा कुठं सुरू होतो? सरकारी भूगर्भतज्ज्ञानं सांगितलं आर्केड ओढ्याला, लिंकननं मान्य केलं. तिथं उभं राहून चारी बाजूला बघा, टेबलासारखं सपाट! खरे डोंगर पुढं कित्येक मैलांवर. सपाट जमिनीला डोंगराचा रेट. ठेकेदार मंडळी सगळ्या देशात सारखीच असं मी म्हटलं तर जावई म्हणाला बाबा तुम्ही रिटायर झालाय आता.

आणि एक पाटी अशी आहे की तिच्यापुढं मी जरा जास्त थांबलो, नंबर १०१३, सेंट अँड्र्यूज चर्च, काळ्या लोकांनी १८५० मध्ये स्थापन केलेलं, पॅसिफिक किनाऱ्यावरचं त्यांच्या आफ्रिकन मेथडिस्ट पंथाचं पहिलं. १८५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काळ्या नागरिकांची पहिली परिषद तिथं भरली, मागणी काय तर कोर्टात गोऱ्याविरुद्ध साक्ष देता यावी. बस एवढीच. कॅलिफोर्निया गुलामगिरी नसलेलं राज्य म्हणून १८५० लाच संघात आलेलं, तरी ही गत. नंबर बघा पण, १०१३. सटरचा ५२५. पोनी एक्सप्रेसच्या घोडेस्वाराचा ६०६. नंबर ज्या क्रमानं दिले गेले त्यात कुणाची आठवण आधी आली आणि कुणाची उशिरा ते सरळ दिसतं.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी खरं तर हे पत्र. याच सॅक्रामेंटोत ३१ डिसेंबर १९१३ ला गदरवाल्यांची, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठाव करायला अमेरिकेतल्या हिंदी लोकांनी काढलेल्या पक्षाची, मोठी सभा झाली होती. त्यांचे पुढारी लाला हरदयाळ बोलले, पडद्यावर क्रांतिकारकांच्या तसबिरी दाखवल्या, जर्मनीची इंग्लंडशी लढाई होणार आहे, तयार राहा आणि मायदेशी चला असं सांगितलं, हे क्रांतिकारकांच्या हालचालींची चौकशी करणाऱ्या इंग्रजांच्या रौलट समितीच्या अहवालातच नोंदलेलं आहे, म्हणजे दुश्मनाच्या वहीत. ऐकणारे बहुतेक आजूबाजूच्या शेतात राबणारे पंजाबी. पण गदरमध्ये आपली माणसं होती की! तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे, सिॲटलला इंजिनियरिंग शिकायला गेलेले, १९१४ च्या शेवटी परत आले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला करतारसिंग सराभांबरोबर लाहोरला फासावर गेले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, तेही अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले आणि पुढं मेक्सिकोत मक्यावर काम केलं. ओरेगॉनमधल्या अ‍ॅस्टोरियात, जिथं १९१३ ला गदरची स्थापना झाली, तिथं शंभर वर्षांनी २०१३ ला पाटी लागली. सॅक्रामेंटोत मी पाच महिने फिरलो, मला या सभेची पाटी कुठं दिसली नाही. घोडा दिसला, सटर दिसला, टॉफी दिसली.

तिकडं राज्याच्या यादीत नाव घालायची रीत आहे. कुणीही नागरिक अर्ज करू शकतो, जागेच्या मालकाची संमती लागते, पुरावे लागतात, आणि ती जागा त्या भागातली पहिली, शेवटची, एकमेव किंवा सगळ्यात महत्त्वाची आहे हे पटवावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आणि सॅक्रामेंटोत आपली महाराष्ट्र मंडळं आहेत, गणपतीला ढोलताशाला कमी नसतात, पंजाबी मंडळी तर शंभर वर्षांपासून त्या खोऱ्यात आहेत, त्यांचे गुरुद्वारेही आहेत. दोघांनी मिळून हे कागद केले तर? मी जावयाला सांगून ठेवलंय, तो म्हणतो बघू. आमच्या खात्यात बघू म्हणजे काय ते मला माहीत आहे म्हणून तुम्हाला लिहितोय, तुमचा पेपर तिकडं ऑनलाइन वाचतात लोक. पुरवणीत पिंगळ्यांवर आणि त्या सभेवर एक पान द्या, त्या साडेतीन ओळींची भरपाई म्हणून.

आपला एक जुना वाचक,
विश्रामबाग, सांगली

ता.क. – लेखाबरोबर छापलेला फोटोपण सॅक्रामेंटोच्या कॅपिटलचा नाही, वॉशिंग्टनचा आहे. दिसायला सारखे आहेत खरे, वॉशिंग्टनचा बघूनच हा बांधलाय, १८६० ला सुरू आणि १८७४ ला पूर्ण. पण घुमटाच्या टोकावर बाई उभी असेल तर वॉशिंग्टन, सोन्याचा मुलामा दिलेला गोळा असेल तर सॅक्रामेंटो. हे नातवानं ओळखलं, मी नाही.